चढ, उतार आणि वर्गसंख्यांचा पाढा

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणीच लिहाव्यात असं आधी वाटलं. पण डबा, छडी, गॅदरिंग आणि सहल यांवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर रस्त्यांचं काम केलं. दहावीच्या १९७५ सालच्या पहिल्या तुकडीतून जे गणित घेऊन बाहेर पडलो, त्यातलं थोडंसंच नोकरीत उपयोगी पडलं. पण जे पडलं ते रोज पडलं. म्हणून रस्त्याच्या चढ-उताराचा इतिहास लिहितो आहे. गुरुजनांनी तो तपासून घ्यावा आणि मित्रमैत्रिणींनी पुढच्या वेळी घाट उतरताना आठवावा.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या बोरघाटापासून करू. कोकणातून देशावर चढायचं म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक उंची थोड्याशा अंतरात गाठायची. वंजाऱ्यांचे तांडे पाठीवर माल लादलेले बैल घेऊन शतकानुशतकं ती चढतच होते. नाणेघाट तर सातवाहनांच्या काळापासून वाहता आहे. पण पाठीवर गोणी घेतलेला बैल जिथून चढतो, तिथून गाडीला जुंपलेला बैल चढू शकत नाही. पाऊलवाटेला पायऱ्या चालतात, चाकाला चालत नाहीत. सह्याद्रीतल्या रस्त्याचा प्रश्न इथून सुरू होतो.

त्याचं गणित सातवीतल्या मुलालाही समजेल. विसाला एक असा चढ म्हणजे वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. अशा चढावर गाडीच्या वजनाचा विसावा भाग सतत मागे ओढत असतो. एक टनाची गाडी असेल तर पन्नास किलोचं ओझं मागे खेचतं आहे असं समजा. चढ दहाला एक केला की तेच शंभर किलो होतं. बैल जोर दुप्पट लावू शकतो, पण थोडा वेळ, मैलभर नाही. म्हणून घाटरस्त्याचा पहिला नियम झाला : उंची तेवढीच राहणार, तेव्हा लांबी वाढवा. नागमोडी वळणं हौसेनं घातलेली नसतात, ती या भागाकारातून आलेली असतात.

सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० मध्ये, बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला. मुंबई आणि पुणे यांच्यामधली मालवाहतूक बैलाच्या पाठीवरून गाडीत आली ती तेव्हापासून. खोपोलीच्या बाजूने चढताना शिंगरोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या धनगरानं दाखवली आणि त्याच्या नशिबी मृत्यू आला, अशी लोककथा आहे. कथेला कागदाचा आधार मागू नये. मात्र तिच्यात एक खरी गोष्ट आहे : डोंगर कुठे सौम्य आहे, हे मोजणी करणाऱ्याच्या आधी गुरं राखणाऱ्याला कळलेलं असतं. आजही कित्येक ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात.

पुढची पायरी आगगाडीची. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार थोड्या घर्षणावर धावतं. सपाटीवर ते वरदान आणि चढावर शाप, कारण चाक घसरतं. बैलगाडीला विसाला एक चढ झेपत असेल, पण त्या काळच्या इंजिनाला तो अशक्यच. मुंबई–ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली, १८५६ मध्ये रूळ खोपोलीला पोचले आणि १८५८ मध्ये पुणे–खंडाळा गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र बाकी होता. काही वर्षं प्रवासी खोपोलीला उतरून पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून खंडाळ्याला जात आणि तिथे पुन्हा आगगाडीत बसत.

जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांनी या घाटासाठी जे आखलं, ते आजही शिकण्यासारखं आहे. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचं होतं. सरासरी चढ ४६-४८ ला एक आणि जास्तीत जास्त ३७ ला एक, म्हणजे आजच्या भाषेत २.७ टक्के. त्यासाठी २५ बोगदे आणि ८ मोठे पूल लागले. तरीही एका ठिकाणी डोंगराच्या सोंडेवर गाडी वळवायला जागाच नव्हती. तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी त्या टोकाला जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूला लावलं जाई आणि गाडी उलट दिशेनं पुढचा चढ चढे. ही कसरत १९२९ पर्यंत चालली. नवा मार्ग आणि वीज आल्यावर ती संपली, आणि पुढच्याच वर्षी दख्खनची राणी सुरू झाली.

३७ ला एक हा आकडा कागदावर लिहायला एक ओळ पुरते. तो डोंगरात उतरवायला १८५६ ते १८६३ अशी सात वर्षं लागली. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर कामावर होते. पटकीच्या साथींत आणि अपघातांत त्यांतले किती गेले त्यांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आले आणि काही दिवसांतच वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट सोडलं नाही, दोन अभियंत्यांना व्यवस्थापनाला नेमून काम तडीस नेलं. बर्कलीही घाट खुला होण्याच्या आधीच, १८६२ मध्ये गेले. ‘सौम्य चढ’ हे शब्द मी नंतर कितीतरी अहवालांत लिहिले. प्रत्येक वेळी हे लोक आठवले असं म्हणणार नाही, पण आठवायला हवेत.

इथपर्यंत प्रश्न चढ किती, एवढाच होता. वेग वाढला तसा दुसरा प्रश्न आला : चढ किंवा वळण बदलतं कसं? रूळ सरळ येतो आणि एका बिंदूपाशी वर्तुळाच्या कमानीला मिळतो. नकाशावर हा जोड गुळगुळीत दिसतो. पण डब्यातल्या माणसाला त्या बिंदूवर एकाएकी बाजूला धक्का बसतो, कारण सरळ रेषेची वक्रता शून्य आणि वर्तुळाची वक्रता ठरावीक. मधे काहीच नाही. हवी होती अशी रेषा, जिची वक्रता शून्यापासून सुरू होऊन अंतराच्या प्रमाणात हळूहळू वाढेल. गंमत अशी की ती रेषा गणितात आधीच सापडलेली होती. जेकब बर्नूली यांनी १६९४ मध्ये वाकणाऱ्या पट्टीचा विचार करताना तिचा प्रश्न मांडला आणि ऑयलर यांनी १७४४ मध्ये तिचं वर्णन केलं. १८१८ च्या सुमारास फ्रेनेल यांना प्रकाशाच्या अभ्यासात तेच समीकरण पुन्हा भेटलं. यांपैकी कुणाच्याही मनात रस्ता नव्हता. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक आर्थर टॅलबट यांनी १८९० च्या सुमारास रेल्वेसाठी या सर्पिलाची व्यवहारात वापरता येईल अशी रीत बसवली. पुढे १९३० च्या दशकात जर्मनीच्या मोटार-महामार्गांनी ती रस्त्यावर आणली. आपल्याकडे रेल्वे तिचंच सोपं रूप, म्हणजे घन अन्वस्त, वापरत आली. ‘याचा उपयोग काय?’ असं आपण वर्गात विचारायचो. या रेषेला उपयोग सापडायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

मोटार आल्यावर हाच प्रश्न उभ्या दिशेनं उभा राहिला. आपल्या देशात त्याची सुरुवात एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, रस्ते मात्र बैलगाडीचेच होते, आणि ते उखडू लागले. १९२७ मध्ये सरकारनं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रस्ते हा केवळ स्थानिक प्रश्न नाही, देशाचा प्रश्न आहे, पेट्रोलवर कर घेऊन त्यासाठी निधी उभारा आणि तांत्रिक विचारासाठी कायम संस्था काढा, असं त्या समितीनं सुचवलं. त्यातून १९२९ चा केंद्रीय रस्ता निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस निघाली. १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांची पहिली रस्ते योजना तयार झाली. पुणे विद्यापीठाच्या ज्या जयकर ग्रंथालयात आपल्यापैकी काहींनी अभ्यास केला, ते याच जयकरांच्या नावाचं. ते विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. देशातल्या प्रत्येक रस्ता अभियंत्याच्या टेबलावरची पुस्तकं ज्या संस्थेची असतात, तिचं मूळही त्यांच्याच अहवालात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्या पुस्तकांत चढाचे आकडे दिलेले आहेत. सपाट मुलखात नेहमीसाठी ३.३ टक्के, म्हणजे तीसला एक. डोंगराळ भागात ५ आणि अतिडोंगराळ भागात ६ टक्के. नाइलाज असेल तर आणखी थोडी सूट. तीव्र वळणावर चढ आणखी कमी करायचा, कारण वळताना गाडीची काही ताकद वळण्यातच जाते. ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर ६ टक्क्यांचा चढ ४.७५ वर आणावा लागतो. हे सगळं चढ किती याचं उत्तर झालं. चढ संपून उतार सुरू होतो त्या माथ्याचं काय, हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत नाजूक भाग.

माथ्यावर दोन तिरक्या रेषा टोकाशी टोक लावून जोडल्या तर गाडी उडेल. म्हणून त्यांच्यामध्ये कमान घालतात. ही कमान वर्तुळाची नसते, पॅराबोलाची असते, ज्याला आपण मराठीत अन्वस्त म्हणायचो. खरं तर इतक्या सपाट कमानीत वर्तुळ आणि अन्वस्त यांत फरक डोळ्यांना दिसत नाही. पण अन्वस्ताचा एक गुण आहे : त्यावरून जाताना चढ प्रत्येक मीटरला सारखाच कमी होतो. आणि दुसरा गुण त्याहून गोड, तो हातानं काढता येतो. आपल्या गणिताच्या सरांनी फळ्यावर १, ४, ९, १६, २५ लिहून शेजारच्या संख्यांतले फरक काढायला लावले होते : ३, ५, ७, ९. मग त्या फरकांतले फरक : २, २, २. ‘वर्गसंख्या वाकड्या दिसतात, पण आतून सरळ असतात,’ असं काहीसं ते म्हणाले होते. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात जगभरच्या अभियंत्यांनी माथे आखले ते याच दुसऱ्या फरकाच्या जिवावर. बेरीज-वजाबाकी येणारा माणूस फील्ड बुकात उभ्या उभ्या पूर्ण कमान लिहू शकतो.

हे नुसतं सोयीचं गणित नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका टेकाडावर कळलं. रस्ता १९७२ च्या दुष्काळी कामांतला होता. आपण तेव्हा शाळेत होतो आणि सुकडीची पाकिटं आठवत असतील. त्या कामांत हजारो हातांना काम देणं हा हेतू होता आणि तो पुरा झाला. रस्ता जमिनीच्या अंगानं, जसा डोंगर तसा गेला. बैलगाडीला आणि सायकलला तो उत्तम होता. पुढे डांबर पडलं, मोटारसायकली आणि ट्रक आले, आणि त्या टेकाडावर माणसं मरू लागली. मी रुजू झालो त्याच्या आदल्या दोन वर्षांत तिथे पाचजण गेले होते. गावात म्हणत, जागा वाईट आहे. माथ्यावर कुणीतरी शेंदूर लावलेला दगडही मांडला होता.

डंपी लेव्हल लावून मोजलं. एका बाजूनं ४ टक्के चढ, दुसऱ्या बाजूला ४ टक्के उतार आणि मधली कमान अवघी ४० मीटर लांब. ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर आणि रस्त्यातली वस्तू १५ सेंटीमीटर उंच धरतात. त्या हिशेबानं माथ्यावरून दिसत होतं सुमारे ४७ मीटर. ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. संकट दिसून पाय ब्रेकवर पडायला अडीच सेकंद धरतात, म्हणजे ४२ मीटर गेले. उरले पाच. गाडी थांबायला ब्रेक लागल्यावर आणखी चाळीसेक मीटर लागतात. जागा वाईट नव्हती, कमान आखूड होती.

८० मीटर दिसायला हवं असेल तर सूत्राप्रमाणे कमान ११६ मीटर लांब लागते. आम्ही १२० धरली. दर वीस मीटरला मूळ चढाच्या रेषेपासून किती खाली जायचं, ते काढलं : २० ला सुमारे १३ सेंटीमीटर, ४० ला ५३, ६० ला म्हणजे ऐन माथ्यावर १२०. एकपट, चौपट, नऊपट. सरांच्या फळ्यावरची १, ४, ९. जुनी कमान माथ्यावर ४० सेंटीमीटर खाली होतीच, म्हणजे खोदायचं होतं फक्त ८० सेंटीमीटर. कमरेएवढंही नाही.

तरी काम सोपं गेलं नाही. रस्ता खाली गेला की शेजारच्या शेतात गाडी घालायची वाट उंचावर राहते. एक वयस्कर शेतकरी खुंट्या उपटायला निघाले. “साहेब, चांगला रस्ता खड्ड्यात कशाला घालताय?” सूत्र सांगून उपयोग नव्हता. मी त्यांना जीपमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि मुकादमाला पलीकडच्या उतारावर एक उपडं घमेलं घेऊन पाठवलं. घमेलं रस्त्यावर ठेवून तो एकेक पाऊल मागे सरकत गेला. पन्नास मीटरच्या आतच बाबांना घमेलं दिसेनासं झालं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमचा पुतण्या इथंच गेला. गाडीवाल्याला तो दिसलाच नसंल की.” त्यांनी खुंट्या पुन्हा ठोकू दिल्या, फक्त शेताला नवा उतार करून द्यायचा शब्द घेतला. तो आम्ही पाळला. मी त्या भागात पुढे चार वर्षं होतो. त्या काळात त्या माथ्यावर कुणी गेलं नाही.

माथ्याइतकाच खोलगट भागही महत्त्वाचा. उतार संपून चढ सुरू होतो तिथे दिवसा सगळं दिसतं, रात्री नाही. मोटारीचा दिवा जमिनीपासून पाऊण मीटरवर असतो आणि त्याचा झोत वर फार तर एक अंश जातो, असं आपल्या मानकांत धरलं आहे. दरी आखूड असेल तर उजेड समोरच्या चढावर जवळच आपटतो आणि पुढे अंधार. शिवाय तिथे वजन वाढल्यासारखं होऊन पोटात खड्डा पडतो. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून आपण ज्यासाठी आरडाओरडा करायचो, तेच हे. त्यावर उपाय म्हणून खोलगट कमान अशी आखतात की धक्का एकदम न येता हळूहळू वाढेल आणि हळूहळूच उतरेल. म्हणजे चढ सौम्य, चढातला बदल सौम्य, आणि त्या बदलातला बदलही सौम्य. १८३० चा रस्ता पहिल्या पायरीवर होता, मोटारीनं दुसरी आणली, जलद महामार्गांनी तिसरी.

आपल्या डोळ्यांदेखत झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. ९४.५ किलोमीटर लांब आणि मुळातच वेगासाठी आखलेला. वेगाची किंमत किती असते ते एका उदाहरणात सांगतो. ३ टक्के चढ आणि ३ टक्के उतार यांच्यामधली कमान ताशी ८० साठी सुमारे २०० मीटर लांब पुरते. ताशी १०० साठी तीच साडेचारशेच्या आसपास जाते. वेग सव्वापट, कमान सव्वादोनपट. म्हणून सपाटीवर जे जमतं ते घाटात जमत नाही. डोंगर तेवढी जागा देत नाही, आणि घाटात वेगमर्यादेची पाटी लागते ती यामुळे. पाटीवरचा आकडा कुणा साहेबाच्या लहरीचा नसतो. तो त्या कमानीच्या लांबीतून, वळणाच्या त्रिज्येतून आणि दिसणाऱ्या अंतरातून आलेला असतो.

आता हे सगळं संगणक क्षणात करतो. नव्या मुलांना वर्गसंख्यांचे फरक लिहावे लागत नाहीत आणि त्याचं मला दुःख नाही. पण एक गोष्ट खटकते. रस्ता जितका गुळगुळीत, तितका तो आपण विसरतो. धक्का बसत नाही म्हणून वेग कळत नाही, वेग कळत नाही म्हणून आणखी वाढतो, आणि ज्या ८० किंवा १०० साठी कमान आखली तिच्यावर गाडी १३० नं जाते. त्या क्षणी माथ्यापलीकडचं अंतर पुन्हा अपुरं होतं. त्या टेकाडावरच्या जुन्या रस्त्यासारखंच, फक्त डांबर नवं.

आपली तुकडी आता पासष्टीच्या पुढे आहे. डोळे आणि पाय अडीच सेकंदांत पूर्वीसारखे जुळतातच असं नाही. तेव्हा स्नेहमेळाव्याला गाडी चालवत येणाऱ्यांना एका रस्तेवाल्याची विनंती : माथ्यावर ओव्हरटेक करू नका, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा आणि पाटीवरचा आकडा खरा माना. तो आकडा काढायला बरीच माणसं खपली आहेत.